छुप्या बारमध्ये पहिली भेट ठरवताना

वाचकांच्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न सारखा येतो. ॲपवर ओळख झालेली असते, आठ-पंधरा दिवस गप्पा झालेल्या असतात आणि एक दिवस समोरून विचारणा होते, ‘शनिवारी भेटू या का? एक छुपा बार आहे, बाहेर पाटीसुद्धा नाही.’ हो म्हणावंसं तर वाटतं, पण लगेच शंका सुरू होतात. दार सापडेल का? खर्च किती येईल? मी घेत नाही, हे आधीच सांगायचं की तिथे गेल्यावर? मी 23 वर्षांची आहे, मला आत सोडतील का? अनोळखी माणसाबरोबर अशा ठिकाणी जावं का?

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. जायला काहीच हरकत नाही. अशा बारमध्ये गर्दी बेताची असते, गाण्यांचा आवाज बोलणं बुडवत नाही, आणि दार शोधण्यात अवघडलेपणाची पहिली पाच मिनिटं सहज निघून जातात. मात्र बारचं दार लपलेलं असलं, तरी पहिल्या भेटीत दुसरं काहीही लपलेलं नसावं. पत्ता, दर, ग्लासात किती मद्य आहे, निघायची वेळ आणि घरी जायची सोय, हे दोघांनाही आधीपासून माहीत हवं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

ही जागा असते कशी

अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेव्हा दुकानांच्या मागे आणि तळघरांत चोरून गुत्ते चालत. विसावं शतक संपता संपता न्यूयॉर्कमध्ये साशा पेट्रास्की यांनी ‘मिल्क अँड हनी’ हा बिनपाटीचा बार काढला. 2007 मध्ये त्याच शहरात ‘पीडीटी’ सुरू झाला. तिथे हॉटडॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमधून आत जातात. मग हे लोण सगळीकडे पसरलं. दिल्लीच्या वसंत विहारमधल्या ‘पीसीओ’त पासवर्ड सांगून प्रवेश मिळतो, बंगळुरूच्या लीला पॅलेस हॉटेलात ‘झेडएलबी23’ आहे, आणि मुंबई-पुण्यातही कपाटाआड, दुकानाआड किंवा साध्या जिन्याखाली असे बार उघडले आहेत. मुंबईला हा प्रकार तसा जुनाच. इथल्या दारूबंदीच्या काळात वांद्रे, माहीम, धोबीतलाव भागांत घरांतून ‘आंटी’चे अड्डे चालत आणि दार वाजवण्याची खूण ठाऊक असलेल्यालाच आत घेत. ते अड्डे बेकायदा होते. आजच्या बारला रीतसर परवाना असतो, आणि नसेल तर तिथे पाऊलही टाकू नका.

ठरवताना या जागेच्या चार गोष्टी लक्षात घ्या:

- बसायला जागा कमी असते. बुकिंगशिवाय गेलात तर शनिवारी परत फिरावं लागेल. बऱ्याच ठिकाणी टेबल दीड-दोन तासांसाठीच देतात.
- आत उजेड कमी असतो. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असू शकतात. दोघांपैकी कुणाला गुडघ्याचा त्रास असेल किंवा व्हीलचेअर लागत असेल, तर फोन करून विचारा. लपलेल्या दाराच्या हौसेपायी रॅम्प आणि लिफ्ट हमखास राहून जातात.
- तळघरात किंवा जाड भिंतींआड फोनला रेंज नसते. म्हणजे यूपीआय अडतं, कॅब बुक होत नाही आणि मैत्रिणीला पाठवलेलं लाइव्ह लोकेशन तिथेच थांबतं. यावर उपाय पुढे येतील, पण ही गोष्ट विसरू नका.
- काही ठिकाणी फोटो काढू देत नाहीत. नियम समजून घ्या आणि पाळा.

वय आणि परवाना

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. व्हिस्की, जिन, रम, व्होडका, टकीला या सगळ्यांसाठी ती 25 आहे. कॉकटेलचा पाया यांतलंच काहीतरी असतं, त्यामुळे कॉकटेललाही 25 चीच अट धरायची. काही बार 21 वर्षांच्या वरच्यांना आत सोडतात, म्हणून 22-23 वर्षांच्या वाचकांना वाटतं की आत सोडलं म्हणजे कॉकटेलही चालेल. तसं नाही. तुम्ही 23 चे असाल, तर वाइन किंवा बिअर घ्या, नाहीतर बिनदारूचं काहीतरी. गोव्यात ही अट 18 वर्षांची आहे. तिथे सुट्टीत घेतलेलं पेय पुण्यात परतल्यावर चालतंच असं नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडेही परवाना हवा. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना, वर्षाचा 100 रुपयांना आणि आजीव 1,000 रुपयांना मिळतो. एका दिवसाचा परवाना बारमध्येच फाडून देतात. बिलात ही किरकोळ रक्कम दिसली तर गोंधळू नका. नेहमी घेणाऱ्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आजीव परवाना काढून ठेवावा, हेच बरं.

वयाचा पुरावा जवळ ठेवा. डिजिलॉकरमध्ये असेल तर तो बाहेर रेंज असतानाच उघडून ठेवा.

तारीख ठरवताना ड्राय डे पाहा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांना पाठ असतात. निवडणूक मात्र विसरली जाते. मतदान संपण्याआधीचे 48 तास त्या भागात दारूविक्री बंद असते.

निरोप कसा पाठवायचा

जागा सुचवणाऱ्यानं पहिल्या भेटीत सरप्राइज देऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. ‘अमुक गल्लीत ये, पुढचं मग सांगतो’ असा निरोप पाठवणाऱ्याला त्यात गंमत वाटते. निरोप मिळणाऱ्याला, विशेषतः एकट्यानं येणाऱ्या मुलीला, तो दिवसभर पोटात गोळा आणतो. निरोप असा सरळ असू द्या:

‘शनिवारी साडेसातला जमेल का? जागा वांद्र्यात आहे, नावाची लिंक सोबत पाठवतोय. बाहेर पाटी नाही, पण आपण कोपऱ्यावरच्या केमिस्टसमोर भेटू आणि एकत्रच आत जाऊ. कॉकटेल साधारण 900 च्या घरात आहेत. तू घेत नसशील तर तिथे बिनदारूचंही बरंच आहे, नाहीतर कॉफीला भेटू, मला दोन्ही चालेल. मला साडेदहाला निघायचंय.’

यातलं एकही वाक्य जास्तीचं नाही. नाव कळल्यामुळे समोरची व्यक्ती रिव्ह्यू आणि मेन्यू पाहून घेते. दर कळल्यामुळे खिशाचा अंदाज येतो. कॉफीचा पर्याय खरा आहे, नुसता तोंडदेखला नाही, हेही कळतं. आणि निघायची वेळ सांगितल्यामुळे रात्र लांबण्याची धास्ती उरत नाही.

तुम्हाला असा निरोप आला नसेल, तर हे सगळं तुम्ही विचारा. नाव, पत्ता, साधारण दर. विचारण्यात गैर काही नाही. उत्तर टाळलं जात असेल, तर ती भेट सोडून द्या.

दोघं पुरुष भेटणार असाल, तर आणखी एक गोष्ट फोनवर विचारून ठेवा. काही बार जोडप्याशिवाय आलेल्या पुरुषांना शनिवार-रविवारी आत घेत नाहीत. दारावर उभं राहून ‘आम्हीही जोडपंच आहोत’ हे सुरक्षारक्षकाला समजावण्याची वेळ कुणावर येऊ नये. बुकिंग करतानाच ‘दोन पुरुष आहोत, प्रवेश आहे ना?’ असं विचारा आणि उत्तर मेसेजवर मागून घ्या.

दारापाशी

बाहेरच भेटा, हा आमचा आग्रह आहे. एक जण आत बसलाय आणि दुसरा पावसात छत्री सावरत तीच गल्ली तिसऱ्यांदा पालथी घालतोय, मॅप ‘तुम्ही पोचलात’ म्हणतोय आणि समोर फक्त एक बंद शटर आणि टेलरचं दुकान दिसतंय, आतल्याला फोन लावावा तर रेंज नाही. अशा पंधरा मिनिटांनंतर कुणाचाही चेहरा हसरा राहत नाही. दिव्याखालची, वर्दळीची, सहज सापडणारी जागा ठरवा. स्टेशनची बाहेर पडायची बाजू, मोठं मेडिकल, एखादं इराणी हॉटेल.

यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. बाहेर उजेडात दोन मिनिटं बोलताना समोरची व्यक्ती फोटोतलीच आहे ना, आधीच पिऊन आलेली नाही ना, हे कळतं. काही खटकलं तर तिथूनच परतता येतं. ‘आज मला बरं वाटत नाहीये, मी निघते’ एवढं पुरे.

आत शिरण्याआधी चार कामं उरका. मैत्रिणीला किंवा भावंडाला बारचं नाव, पत्ता आणि समोरच्या व्यक्तीचं प्रोफाइल पाठवा. लोकेशन आत थांबणार आहे, म्हणून ‘साडेदहापर्यंत माझा मेसेज आला नाही तर बारच्या नंबरवर फोन कर’ असं ठरवून ठेवा. बुकिंगचा स्क्रीनशॉट काढा. खिशात डेबिट कार्ड आणि थोडी रोख असल्याची खात्री करा.

कपड्यांबद्दल पत्रांत फार काळजी दिसते. तेवढी करू नका. नीटनेटके कपडे आणि बंद बूट पुरतात. चप्पल आणि हाफ पँट काही ठिकाणी चालत नाही. आत एसी जोरात असतो, एवढं ध्यानात ठेवा.

बसायचं कुठे

पडद्याआडचा कोपरा मिळत असेल, तरी पहिल्या भेटीत काउंटरवरच्या खुर्च्या मागा. समोरासमोर टक लावून बसण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं सोपं जातं. बोलणं अडलं, तर समोर बघायला काहीतरी असतं: बारटेंडर मोठ्या बर्फाच्या लादीतून चौकोनी तुकडा कापतो, स्टीलच्या मापात 60 मिली ओततो, शेकर खांद्याशी हलवतो, संत्र्याची साल ग्लासावर मुरडतो आणि तिचा तेलाचा बारीक फवारा दिव्याच्या उजेडात क्षणभर दिसतो. त्याला ‘हे काय घातलंत?’ असं खुशाल विचारा. चांगल्या बारटेंडरला हा प्रश्न आवडतो. शिवाय तुमचं पेय तुमच्या डोळ्यांसमोर तयार होतं आणि शेजारी तिसरा माणूस सतत हजर असतो. आमच्या मते या दोन गोष्टी कोपऱ्यातल्या एकांतापेक्षा मोलाच्या आहेत.

काय मागवायचं

मेन्यूतली नावं वाचून दडपून जाऊ नका. बारटेंडरला चव सांगा: ‘आंबट-गोड आवडतं, कडू नको, कमी कडक हवं.’ तो सुचवील. ठरलेलीच नावं हवी असतील तर:

- बीज नीज: जिन, लिंबू आणि मध. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातलं समजलं जाणारं, सोपं आणि बहुतेकांना आवडणारं.
- पिकांते: टकीला, लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीर. आपल्या जिभेला ओळखीची चव, सध्या भारतात फार चालतं.
- हायबॉल: व्हिस्की आणि भरपूर सोडा. हळूहळू पिण्यासाठी उत्तम.
- ओल्ड फॅशन्ड: व्हिस्की, थोडी साखर, बिटर्स. यात पाणी-सोडा नसतो, नुसता बर्फ.
- नेग्रोनी: जिन, कंपारी आणि गोड व्हर्मुथ समप्रमाणात. चांगलंच कडू. पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी यापासून सुरुवात करू नये.

आता मात्र थोडं थांबून हिशेब करा. भारतात बनणाऱ्या व्हिस्की-जिनमध्ये साधारण 42.8 टक्के मद्य असतं. म्हणजे 60 मिलीच्या ओल्ड फॅशन्डमध्ये जवळपास 26 मिली शुद्ध अल्कोहोल. 330 मिलीच्या 5 टक्केवाल्या बिअरच्या पाइंटमध्ये साडेसोळा. याचा अर्थ एक ओल्ड फॅशन्ड म्हणजे दीड पाइंट बिअर, आणि नेग्रोनीही तेवढीच. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये चार प्रकारची दारू आणि संत्र्याची लिक्युअर, प्रत्येकी 15 मिली. म्हणजे जवळपास दोन पाइंट, आणि लागतं मात्र कोल्ड्रिंकसारखं. ‘दोनच तर घेतले’ म्हणणाऱ्याच्या पोटात कधी कधी चार पाइंट गेलेले असतात.

आमचा सल्ला दोन पेयांचा आहे, त्यापुढे नाही. पहिल्याआधी काहीतरी खा. या बारमध्ये दाणे आणि चकलीचा चखणा फुकट येईलच असं नाही, खायच्या बशा लहान आणि महाग असतात, म्हणून घरून किंवा वाटेत थोडं खाऊन जाणं शहाणपणाचं. प्रत्येक पेयामागे एक ग्लास साधं पाणी मागा. बाटलीच घ्यावी लागेल असं सांगितलं, तर ‘साधंच चालेल’ म्हणा.

शाकाहारी आणि उपवासवाल्यांसाठी. व्हिस्की सोअर, पिस्को सोअर अशा फेसाळ पेयांत बऱ्याचदा कच्च्या अंड्याचा पांढरा बलक असतो. ब्लडी मेरीत वूस्टर सॉस पडतो आणि त्याच्या मूळ कृतीत मासळी असते. मिल्क पंच काचेसारखं नितळ दिसलं, तरी ते दूध फाडून गाळलेलं असतं. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी जपून. ‘यात अंडं आहे का?’ असं मोकळेपणानं विचारा, बलकाशिवायही करून देतात. एखादं औषध चालू असेल, तर त्यावर दारू चालते का हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा.

न घेणाऱ्यांसाठी. भेट ठरतानाच सांगून टाका. ‘मी घेत नाही, पण यायला आवडेल’ इतकंच. कारण देण्याची गरज नाही. श्रावण असो, व्यायाम असो, घरात कुणाच्या व्यसनाचा अनुभव असो किंवा नुसतं आवडत नसो, ते सांगायचं की नाही हे तुमच्यावर. चांगल्या कॉकटेल बारमध्ये बिनदारूच्या पेयांवर तेवढीच मेहनत घेतलेली असते. आणि घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, समोरची व्यक्ती नाही म्हणाली की विषय तिथे संपवा. ‘एकच घोट’, ‘माझ्यासाठी’, ‘यात काही चढत नाही’ यांतलं काहीही तोंडातून निघू देऊ नका. जो इथे नकार ऐकत नाही, तो पुढेही ऐकेल याची खात्री नाही. तुम्ही समोरच्या खुर्चीत असाल, तर ही खूण गंभीरपणे घ्या.

बिल कुणी द्यायचं

मुंबईतल्या अशा बारमध्ये एक कॉकटेल साधारण 700 ते 1,200 रुपयांना पडतं. दोघांची दोन-दोन पेयं आणि दोन बशा म्हटलं, की कर धरून साडेपाच हजारांच्या आसपास जातं. हे परवडत नसेल तर जागा बदला. ‘जरा स्वस्तात भेटू या’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. महिनाअखेरीला उसने पैसे घेऊन केलेल्या भेटीत तुमचं लक्ष गप्पांपेक्षा मेन्यूच्या उजव्या बाजूलाच राहील.

पहिल्या भेटीत टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटतं. जागा एकानंच आग्रहानं ठरवली असेल आणि ती महाग असेल, तर त्यानं पुढाकार घ्यावा आणि दुसऱ्यानं आपला वाटा देऊ करावा. एक मात्र पक्कं: कुणी बिल भरलं म्हणून त्याचा कुणावर कसलाही हक्क निर्माण होत नाही. पुढची भेट, घरापर्यंत सोडणं, स्पर्श, कशावरही नाही.

बिल आलं की मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. लाजू नका. काय पाहायचं:

- मागवलं तेवढंच लिहिलं आहे का.
- मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. खाण्यावर जीएसटी. दोन्ही वेगळे दिसायला हवेत.
- सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. सेवा आवडली तर टिप जरूर द्या, पण ती तुमच्या इच्छेनं. नको असेल तर ‘सर्व्हिस चार्ज काढून द्या’ असं शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर बिल जपून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.
- कव्हर चार्ज आहे का आणि तो खाण्यापिण्यात वळता होतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारायला हवं. बिलावर ते पहिल्यांदा कळू नये.

ठगांचा सापळा ओळखा

हा भाग घाईत वाचू नका. दिल्ली आणि मुंबईत डेटिंग ॲपवरून चालणाऱ्या बिलाच्या फसवणुकीच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अनेकदा आल्या आहेत. पद्धत ठरलेली. ओळख होताच एक-दोन दिवसांत भेटायची घाई. जागा एकच, आणि तीही त्यांनीच सांगितलेली. पोचल्यावर मेन्यू दाखवला जात नाही किंवा त्यावर दर नसतात. समोरची व्यक्ती भराभर महागडी पेयं मागवते, मग घरून फोन आल्याचं सांगून निघून जाते. मागे उरतं हजारोंचं बिल आणि टेबलाभोवती उभे राहिलेले बाउन्सर.

पाटी नसलेला बार हे अशा टोळ्यांना सोयीचं सोंग आहे. खरा छुपा बार फक्त रस्त्यावर छुपा असतो. नेटवर त्याचे रिव्ह्यू सापडतात, फोन उचलला जातो, बुकिंगचा मेसेज येतो, मेन्यूवर दर असतात. यांपैकी काहीच सापडत नसेल, तर दुसरी जागा सुचवा. खरंच भेटायचं असलेली व्यक्ती सहज तयार होते.

सापळ्यात सापडलातच तर:

- आवाज चढवू नका. तपशीलवार छापील बिल मागा. त्यावरचं दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर पाहा.
- 112 ला फोन करा. रेंज नसेल तर ‘पैसे काढायला एटीएमवर जातो’ म्हणून दाराबाहेर या.
- बिलासाठी कुणालाही कोंडून ठेवण्याचा अधिकार बारला नाही. वाट अडवणं आणि कोंडून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हे आहेत. हे शांतपणे बोलून दाखवा.
- मारहाणीची भीती असेल तर आधी पैसे देऊन सुटका करून घ्या. मग त्याच रात्री पोलीस ठाण्यात जा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावरही नोंद करा. चॅटचे स्क्रीनशॉट पुसू नका, समोरच्यानं प्रोफाइल उडवण्याआधीच ते काढा.

समलिंगी वाचकांना अशा वेळी ‘घरी सांगू’, ‘पोलिसांत देऊ’ अशा धमक्या दिल्या जातात. सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आहेत. गुन्हा धमकावणारा करतोय, खंडणीचा. एकट्यानं जायला भीती वाटत असेल तर मित्राला किंवा वकिलाला सोबत घेऊन तक्रार द्या.

ग्लास आणि संमती

वॉशरूमला जायचं असेल तर पेय संपवून जा. अर्धं राहिलं तर परत आल्यावर ते पिऊ नका, दुसरं मागवा. पैसे गेले तरी चालतील. दीड पेयात कधी नाही एवढी चक्कर, जीभ जड होणं, डोळ्यांपुढे अंधार येणं अशी लक्षणं जाणवली, तर तडक बारटेंडरकडे किंवा तिथल्या महिला कर्मचाऱ्याकडे जा आणि स्पष्ट सांगा, ‘माझ्या पेयात काहीतरी मिसळलंय असं वाटतंय, मला त्या माणसाबरोबर पाठवू नका.’ ब्रिटनमध्ये अशा वेळी ‘अँजेला आहे का?’ असं विचारायचा संकेत 2016 पासून रूढ झाला आहे. आपल्याकडे सगळीकडे तो समजेलच असं नाही, म्हणून सरळ शब्दांतच सांगा. मग मैत्रिणीला बोलवा आणि रुग्णालयात जा. रक्त-लघवीची तपासणी जितकी लवकर होईल तितकी बरी, काही औषधांचा माग काही तासांतच पुसला जातो. गुन्ह्याच्या हेतूनं कुणाला गुंगीचं औषध देणं याला न्याय संहितेच्या कलम 123 खाली 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

संमतीबद्दल थोडक्यात. नशेत असलेल्या आणि काय चाललंय हे न कळणाऱ्या बाईची ‘हो’ कायदा संमती मानत नाही. कायद्याच्याही आधी माणुसकीनं विचार करा. समोरच्या व्यक्तीचा तोल जात असेल, मग ती बाई असो वा पुरुष, तर त्या रात्री तुमचं काम एकच: तिला तिच्या विश्वासाच्या माणसाच्या ताब्यात सुखरूप पोचवणं. आणि संमती दिलेली असली, तरी ती कधीही मागे घेता येते.

घरी जाताना

गाडी आणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. एका ओल्ड फॅशन्डनंही काही जण ही मर्यादा ओलांडतात. दुचाकीला हाच नियम आहे. आणि समोरची व्यक्ती पिऊन ‘चल, सोडतो’ म्हणाली तर बसू नका, कितीही आवडलेली असली तरी.

कॅब बाहेर उजेडात येऊनच बुक करा. मुंबईत लोकलनं जाणार असाल तर शेवटच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लवकरच सुटतात, म्हणून अकराच्या आत निघालेलं बरं. रिक्षाला मध्यरात्री 12 ते पहाटे 5 मीटरच्या सव्वापट भाडं पडतं. पहिल्या भेटीत घराच्या दारापर्यंत कुणाला येऊ देऊ नका, आणि तुम्हीही ‘सोडायला येतो’चा हट्ट धरू नका. कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर घरी न जाता जवळच्या पोलीस चौकीत किंवा चोवीस तास उघड्या मेडिकलमध्ये शिरा आणि 112 लावा. मुंबईत महिलांसाठी 103 हाही क्रमांक आहे.

भेट जमली नाही तर

वीस मिनिटांतच कळलं की आपलं काही जमत नाही, तर काय करायचं, असं अनेकांनी विचारलंय. पहिलं पेय संपवा, आपला वाटा द्या आणि निघा. फोन आल्याचं नाटक करायची गरज नाही. ‘भेटून बरं वाटलं, पण आपलं जुळेलसं वाटत नाही, मी निघतो’ हे तिथेच सांगता येतं. तोंडावर सांगणं जड वाटत असेल तर घरी पोचल्यावर मेसेज करा, पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत करा, म्हणजे समोरचा माणूस वाट बघत बसत नाही. असा मेसेज तुम्हाला आला, तर ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं उत्तर देऊन थांबा. कारण विचारत बसू नका आणि दुसऱ्या नंबरवरून तर मुळीच फोन करू नका. नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं हा न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा ठरू शकतो.

आणि भेट जमली, पण जागा आवडली नाही, असंही होतं. अंधार फार, खुर्च्या टोचतात, नाहीतर बशीत चार घास आणि 600 रुपये. मग बिल चुकतं करून बाहेर पडा आणि जवळच्या गाडीवर पावभाजी खा.